भाऊ केंद्रातून घरी आलाय, आप्पा म्हणतात तालमीत घाला आणि गोळ्या बंद करा. काय करू?

कडोलीकडची अक्का

नमस्कार मंडळी. हे खातं नवीन काढलंय, कारण नेहमीच्या नावानं लिहिलं तर अर्धं गाव ओळखेल. ओळखलंत तरी गप्प बसा ही विनंती.

धाकटा भाऊ २३ वर्षांचा. डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर होता. आधी गांजा, मग दीड वर्ष दुखण्याच्या गोळ्या, टॅपेंटाडॉल. पाकीट संपलं की नाक गळायचं, अंग ठणकायचं, जुलाब लागायचे, रात्रभर गादीवर पाय आपटायचा. आम्हाला वाटायचं मलेरिया. दोनदा रक्तसुद्धा तपासलं, हसू नका.

४५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. घरी येऊन आज २४ दिवस झाले. डॉक्टरांनी रोज एक नाल्ट्रेक्सोन आणि रात्री झोपेची एक गोळी दिलीय. गोळी मीच देते, समोर गिळायला लावते.

आता अडचण आप्पांची. ते शेतकरी माणूस, बटाटा आणि रताळी करून आम्हाला शिकवलं. त्यांचं म्हणणं, एका गोळीतून सोडवायला दुसरी गोळी हे कसलं औषध? पोराला तालमीत घाला, माती अंगाला लागली की विष घामातून निघून जातंय. परवा गोळीचं पाकीट लपवून ठेवलं होतं, मी तासभर शोधलं.

दुसरी अडचण संध्याकाळची. दिवसभर बरा असतो. सहा वाजले की उंबऱ्यावर येऊन बसतो, गुडघा हलवत. आठपर्यंत तसाच. काय होतंय विचारलं तर "काय नाही, अक्का." केंद्रातले समुपदेशक कन्नडमध्ये बोलायचे. त्याला कन्नड समजतंय, बाजारात बोलतोय पण. तरी मनातलं कन्नडमध्ये बाहेर येत नाही म्हणतो.

व्यायामानं खरंच फरक पडतो का? तालीम की जिम की नुसतं पळणं? आणि पाऊस असा लागलाय की अंगणात उभं राहता येईना. कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर सांगा. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

---

हौद्याकाठचा

अक्का, आधी गोळीचं बोलतो, मातीचं मागनं. गोळी बंद करू नका.

मी गोव्यात हॉटेलात कामाला होतो, तिथं गर्द लागली, म्हणजे ब्राऊन शुगर. साडेतीन वर्षं. परत आलो, उपचार घेतले, मलाबी नाल्ट्रेक्सोनच होती. मग तालमीत गेलो. चार महिन्यांत दंड भरले, भाकऱ्या पाच खायला लागलो, आई दृष्ट काढायची. मला वाटलं, आता मी पैलवान, गोळी कशाला? महिनाभर घेतली नाही, घरात सांगितलंबी नाही. मग गोव्याच्या दोस्ताचं लग्न. तिथं पूर्वी घेत होतो तेवढंच घेतलं, एक कण जास्त नाही. जाग आली ती सरकारी दवाखान्यात, नाकात नळी.

डॉक्टर मला शिव्या घालत समजावत होते ते अजून ध्यानात हाय. रोज घेणाऱ्याच्या अंगाला त्या मालाची सवय झालेली असते. मधे काही महिने सुटलं की ती सवय मोडते. मग जुनं माप घेतलं की श्वासच थांबतो. तालमीनं छाती वाढते हो, पण ते जुनं माप पचवायची ताकद वाढत नाही, ती गेलेली असते. केंद्रातनं बाहेर आल्यावरचे पहिले महिने म्हणूनच सगळ्यांत धोक्याचे. तुमचा भाऊ नेमका तिथं उभा हाय.

आणि ही गोळी नशा देत नाही, नशेचं दार बंद करून ठेवते. आप्पांना हे सांगून पटायचं नाही, मला माहीत हाय. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहितो.

आता माती. पहिल्या दिवशी वस्तादांनी ११ बैठका सांगितल्या. सातवीला डोळ्यांपुढं काजवे. बाहेर नळावर जाऊन ओकलो. वाटलं आता हाकलतात. परत आत आलो तर वस्ताद काय बोलले नाहीत, कोपऱ्यातली कुदळ हातात दिली, म्हणाले, "हौदा उकर."

ज्यांनी तालीम बघितली नाही त्यांना सांगतो. हौदा म्हणजे कुस्तीचा खड्डा, त्यातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडलेलं असतं. पोरं लोळून लोळून ती दबते, कडक होते. रोज कुदळीनं उकरून मोकळी करावी लागते, नाहीतर आपटलं की बरगडी गेली. पहिला घाव टाकला की खालची गार माती वर येते आणि एक वास सुटतो, हळदीचा अन् ओल्या पोत्याचा मिळून. माझ्या घामाला त्या दिवसांत औषधाच्या कपाटासारखा वास यायचा, मला स्वतःला शिसारी यायची. त्या मातीत तो वास हरवायचा. विष घामातनं निघतं असं आप्पा म्हणतात ना, ते डॉक्टरांना मान्य नाही, लिव्हर आणि किडनी ते काम करतात. पण आप्पा म्हणतात तसं वाटतं मात्र खरं.

दीड महिना मी फक्त हौदा उकरला. एक कुस्ती नाही. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. रात्री दहाला डोळे मिटायला लागले. पुढच्या तारखेला डॉक्टरांनीच झोपेची गोळी अर्धी केली. त्यांनी केली, मी नव्हं.

तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस गेलो नाही, उगीच. तिसऱ्या संध्याकाळी तालमीतली दोन पोरं दारात. "वस्ताद विचारतात, कुदळ कुणाकडं द्यायची?" एवढंच बोलून उभी राहिली. मी चप्पल घातली. अक्का, मला विचाराल तर सगळं काम त्या वाक्यानं केलं. बैठका कुठंही मारता येतात. आपण आलो नाही हे दुसऱ्याच्या ध्यानात येतंय, अशी जागा पाहिजे.

वेळेचं सांगतो, कारण सगळी मंडळी तुम्हाला पहाटे उठवा म्हणतील. माझी तलफ संध्याकाळची. फाउंड्रीतनं सुटलो की पाय आपोआप त्या एका टपरीकडं. पहाटेच्या व्यायामाचा संध्याकाळच्या तलफेला काय उपयोग? वस्तादांना सांगून मी संध्याकाळ मागून घेतली आणि जायचा रस्ताच बदलला, पाऊण किलोमीटर लांबचा. तलफ दिवसभर बसून राहत नाही. चढते, टिकते, उतरते. माझी वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढा वेळ हातात कुदळ असली की झालं. उतरल्यावर आपलं आपल्यालाच नवल वाटतंय, मघाशी कशासाठी एवढा मरत होतो म्हणून.

तुमच्या भावाची वेळ तर तुम्हीच लिहिलीय, सहा ते आठ. त्याला सहाला उंबऱ्यावर बसू देऊ नका. पावणेसहाला चप्पल पायात पाहिजे.

जिमचं एक सांगून थांबतो. दोन वर्षांनी मी मातीतनं उठून जिममध्ये गेलो, कारण सगळी पोरं तिकडंच. तिथं एकानं छोटी बाटली दाखवली, मेफेंटरमिन. ऑपरेशनच्या वेळी बीपी घसरलं तर द्यायचं इंजेक्शन ते. ही पोरं सेट मारायच्या आधी टोचून घेतात. भरतीच्या १६०० मीटरसाठी पळणारी पोरंबी त्यात असतात. मी ११ दिवस टोचलं. सुई हातात आली की हाताला जुनी ओळख पटते. बाराव्या दिवशी मी स्वतःहून डॉक्टरांकडं गेलो, ते एक बरं केलं. सगळ्या जिम तशा नसतात. पण पोराला घालायच्या आधी तुम्ही एकदा संध्याकाळी जाऊन अर्धा तास बसा, बाथरूमच्या बाहेर कोण किती वेळ थांबतंय बघा.

गर्द सुटल्याला आता नऊ वर्षं झाली. मधे हाच एकदा पाय घसरला.

---

रात्रपाळी

वरचं वाचून अंगावर काटा आला, पण एक उलटं सांगतो. माझा मावसभाऊ कबड्डीचा जबर खेळाडू, खानापूर भागात मैदान गाजवलेला. रोज दोन तास व्यायाम. तरी गांजा सुटला नाही, उलट मॅच संपली की पार्टी ठरलेली. व्यायामानं व्यसन सुटत असतं तर एक तरी पैलवान बिघडला असता का? घरच्यांना खोटी आशा दाखवू नये एवढंच.

---

फिजिओ, टिळकवाडी

रात्रपाळी यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि हौद्याकाठचा यांचंही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, व्यसनमुक्तीची डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांचा.

अभ्यास काय सांगतात ते थोडक्यात. २०११ साली अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात गांजा ओढणाऱ्या १२ जणांना दोन आठवड्यांत १० वेळा, दर वेळी ३० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं. त्यांना सोडायची इच्छाही नव्हती. तरी तलफ आणि ओढणं दोन्ही निम्म्याहून खाली आलं. ऐकायला छान, पण माणसं फक्त १२. नंतर कोकेनसारखी उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्या ३०२ जणांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. अर्ध्यांना व्यायाम, अर्ध्यांना आरोग्यशिक्षण, आणि बाकीचे उपचार सगळ्यांना सारखे. नशेपासून दूर राहण्यात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून मी व्यायामाला टेकू म्हणते. भिंत उपचारांची असते. पण झोप, मूड, भूक, बेचैनी यांत फरक पडतो, तो मी माझ्याकडं येणाऱ्यांत रोज बघते. आणि सहा ते आठ हे दोन तास ज्याला खायला उठतात त्याला तेवढं पुष्कळ आहे.

आता अक्का, तुमच्या कामाचं. सुरुवातीला नुसतं चालणं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. पहिले पंधरा दिवस २० मिनिटं पुरे. तालमीत किंवा पळायला घालण्याआधी बीपी आणि एक ईसीजी करून घ्या. नाल्ट्रेक्सोन चालू असताना डॉक्टर लिव्हरची तपासणी सांगतात, ती चुकवू नका. डब्यावर नीट काही लिहिलेलं नाही असल्या पावडरी नकोत. दूध, शेंगदाणे, अंडी, डाळ यांत भागतं.

सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. व्यायाम म्हटलं की मुरगळणं, लचकणं आलंच. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगायचं की याला अशा गोळ्यांचं व्यसन होतं आणि सध्या नाल्ट्रेक्सोन चालू आहे. नाहीतर कुणीतरी सहज ट्रामाडॉल लिहून देतं. ते त्याच जातीचं औषध. एक तर ही गोळी चालू असताना ते दुखण्यावर नीट काम करणार नाही, आणि गोळी बंद असेल तर पोरगा परत तिथंच. नाल्ट्रेक्सोन चालू आहे असं लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवा, अपघात झाला तर उपयोगी पडेल. पाय मुरगळला तर बर्फ, विश्रांती, आणि दुखलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

पावसाचं काय घेऊन बसलात, सोप्यात सूर्यनमस्कार होतात. माळ्याचा जिना असेल तर तोच चढ-उतर करायचा.

मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, भाषा निवडता येते. व्यसनासाठी वेगळा १४४४६. दोन्ही फुकट.

---

कडोलीकडची अक्का

सगळ्यांचे आभार. फिजिओताई, ट्रामाडॉलचं माहीतच नव्हतं. घरात आईच्या कंबरदुखीसाठी आणलेली गोळ्यांची पट्टी होती, बघितलं तर तेच. फेकून दिली.

अजून एक. गणपती आलेत, भावाला ढोल पथकात जायचंय. सराव संध्याकाळी सात ते नऊ. घालू का?

---

निपाणीकर

ढोल कंबरेला बांधून दोन तास वाजवलं की जिमची गरज नाही, दुसऱ्या दिवशी चमचा उचलत नाही. फक्त एवढं विचारा, पथकात कोण कोण हाय आणि नऊनंतर ही पोरं कुठं बसतात.

---

कडोलीकडची अक्का

विचारलं. त्यातली दोघं जुनीच आहेत. म्हणजे यंदा नको. तोंड पाडून बसलाय, पण नाही म्हणाला नाही.

---

हौद्याकाठचा

यंदा नको हे बरं केलं. पुढल्या वर्षी वाजवू दे, ढोल कुठं पळून जात नाही.

रात्रपाळी दादा, तुमच्या मावसभावाचं खरं हाय. आमच्या तालमीतलेबी दोघे बिघडलेत. व्यायामाच्या भोवती माणसं कुठली, त्यावर सगळं हाय. तुमच्या भावाला व्यायाम होता, तेच दोस्तबी होते.

अक्का, आता आप्पांसाठी. त्यांना असं विचारा. बैलाचा पाय मोडला तर तुम्ही काय करता? बांबूच्या पट्ट्या घालून घट्ट बांधता. मग हळूहळू चालवता, चालवल्याशिवाय पाय धरत नाही. पण चालायला लागला म्हणून दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडता का? गोळी म्हणजे पट्टी, तालीम म्हणजे चालवणं. पट्टी कधी सोडायची ते बांधणारा सांगतो.

आणि आप्पांना कामाला लावा. पोराबरोबर संध्याकाळी त्यांनीच बांधावरनं चालावं. बोलायची गरज नाही. माझे वडील माझ्याबरोबर तालमीच्या दारापर्यंत यायचे, आत कधी आले नाहीत, बाहेर बिडी ओढत बसायचे. (बिडी शेवटपर्यंत सुटली नाही त्यांची, काय करणार.)

---

कडोलीकडची अक्का

काल रात्री आप्पांना मोबाइलवरनं सगळं वाचून दाखवलं, ट्रामाडॉलपासून गोव्याच्या लग्नापर्यंत. भाऊ आतल्या खोलीत होता, ऐकत असणार. बैलाचं आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मोडक्या पायाचा बैल मी विकला असता." मला इतका राग आला की मोबाइल आपटणार होते. आई म्हणाली, "तांबड्याला कुठं विकलात? सहा महिने बसून चारा घातलात." आप्पा काय बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते, तर आप्पा उठून कणगीमागं गेले. दुसरं एक पाकीट लपवलेलं होतं, मला माहीतच नव्हतं. ते घेऊन आले, पाण्याचा तांब्या भरला आणि त्याच्यापुढं ठेवून उभे राहिले. त्यानं गिळेपर्यंत हलले नाहीत.

आज पावणेसहाला दोघं बांधावर गेले होते. पाऊस होता, एकाच इरल्यात.

---

हौद्याकाठचा

आप्पांना माझा नमस्कार सांगा. वस्तादच आहेत ते.

पोरगा तयार असेल तर रविवारी संध्याकाळी साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आणा. मी आणि अजून दोघं येतोय, आम्ही दर रविवारी झाडांखालनं चार फेऱ्या मारतो आणि मग चहा. तिघंबी सुटलेलेच. काय बोलायला लागत नाही, चाललं की झालं. मराठीतच बोलतो आम्ही, शिव्यांसकट. त्याच्याकडं बूट नसतील तर माझ्याकडं एक जोड पडून हाय. नंबर काय?

---

कडोलीकडची अक्का

विचारलं, येतो म्हणाला. आधी "कोण कोण असणार" विचारलं, मग येतो म्हणाला. आप्पा सोडायला येतील. निरोपात नंबर पाठवते.

बूट आहेत, आठ नंबर. नाड्या नाहीत. केंद्रात दाखल करताना काढून घेतल्या होत्या, त्या परत दिल्याच नाहीत. शनिवारी बाजारला जाईन तेव्हा आणते.